ओल्या फडक्याचं खोटं

या गोष्टीला अजून माझा आवाज लागलेला नाही. मित्रापाशी नाही, देवळात नाही, खाडीच्या बांधावर एकटाच बसलो असतानाही नाही. मनातल्या मनात मात्र ती इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिचे शब्द गुळगुळीत झालेत, आणि मला भीती वाटते — गुळगुळीत शब्दांत ती आहे त्यापेक्षा बरी वाटेल. म्हणून अडखळत सांगतो. अडखळलो तर समजून घ्या — नाही, तेही म्हणत नाही.

गोष्ट एका जुन्या कॉम्प्युटरची आहे. त्याला दोन मॉनिटर जोडायचे होते. एवढंच. एवढ्याशा गोष्टीचं कोणी इतकं मनात धरून बसतं का, असं तुम्हाला वाटेल. पण ती एवढीशी कोणासाठी होती? माझ्यासाठी असेल. जिच्यासाठी ते मॉनिटर जोडायचे होते तिच्यासाठी नव्हती.

आम्ही एडवणचे. बाबा आणि दादा बोटीवर असतात, आई मासळी सुकवते आणि सफाळ्याच्या बाजारात नेऊन विकते. घरातला कॉलेजात जाणारा मी पहिला. पालघरच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पदवीला प्रवेश मिळाला आणि गावात माझं नाव झालं. खरं सांगायचं तर माऊस मी पहिल्यांदा नीट हातात धरला तो कॉलेजच्या लॅबमध्ये. पण गावाला ते कुठे माहीत होतं? लोक बंद पडलेले फोन आणायचे, टीव्हीचा रिमोट आणायचे, एका काकीने तर मिक्सर आणला होता. मी ती वस्तू उलटसुलट करून बघायचो आणि म्हणायचो, याचा पार्ट आता मिळत नाही. हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. 'मला येत नाही' हे वाक्य मी कधी वापरलंच नाही. वर्गातही नाही. सर इंग्रजीत शिकवायचे, मध्येच थांबून कळलं का विचारायचे, आणि मी सगळ्यांबरोबर मान हलवायचो.

ही सबब नाही. पुढचं कळावं म्हणून सांगितलं.

आता वहिनी. दादाचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. वहिनी सफाळ्याच्या आतल्या बाजूच्या गावातली, भातशेती करणाऱ्यांच्या घरची. बारावी झालेली, तीही चांगल्या मार्कांनी. पुढे शिकायचं होतं, पण स्थळ आलं आणि राहिलं. लग्नाआधी तिने टायपिंग आणि कॉम्प्युटरचा कोर्स मात्र पुरा केला होता. आमच्या घरात मासळीच्या वासाची सवय व्हायला तिला वेळ लागला. आईने त्यावरून तिची खूप थट्टा केली.

"भाताच्या घरची पोर. बोंबील वाळत घातला का हिचं डोकं दुखतं."

"बोंबलानं नाय दुखत, आई," वहिनी म्हणायची, "तुमच्या आवाजानं दुखतं."

आई हसायची. त्या दोघींचं असं चालायचं.

बारावीत माझं इंग्रजी वहिनीने करून घेतलं. मागच्या पायरीवर बसून, मांडीवर लहानग्या मनूला थोपटत. मला कॉलेजात घालायला बाबांना तयार केलं तेही तिनेच. बाबा म्हणत होते, बोटीवर माणूस कमी आहे. ती म्हणाली, बोटीवर माणूस कमी आहे तसा घरात शिकलेलाही कमी आहे. हे सगळं मी आधीच का सांगतोय? कारण पुढे जे केलं ते कोणा परक्या माणसाशी केलं नाही, हे तुम्हाला माहीत असावं.

मासळी पूर्वीसारखी मिळत नव्हती. घरात आणखी कोणी कमवायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मनू शाळेत जायला लागली की वहिनीने बोईसरला पॅकिंगच्या कंपनीत लागायचं, असं ठरल्यात जमा होतं. गावातल्या बऱ्याच बायका जातात. पहाटे निघायचं, दिवसभर उभं राहून पिशव्या भरायच्या, अंधार पडता पडता परत. वहिनी कामाला नाही म्हणत नव्हती. एकदा भांडी घासता घासता ती मला म्हणाली, "भाऊजी, मला बसून करायचं काम पायजे. आळशी हाय म्हणून नाय. माझं डोकं चालतं. ते उभ्यानं वाया जाईल."

आणि तसं काम सापडलंही. बोईसरला एक छोटं ऑफिस आहे. तारापूरच्या कारखान्यांतले हाताने लिहिलेले कागद तिथे स्कॅन होऊन येतात — बॉयलरचं तापमान किती, कोणत्या टाकीत काय किती — आणि ते आकडे कॉम्प्युटरवर टाइप करून द्यायचे असतात. वहिनीची शाळेतली मैत्रीण तिथे होती. तिने सांगितलं, घरूनही काम देतात, पण घरी दोन स्क्रीन पाहिजेत. एकीवर कागद उघडा ठेवायचा, दुसरीवर टाइप करायचं. एकाच स्क्रीनवर सारखं मागेपुढे करत राहिलं की आकडा चुकतो, आणि चुकीचं काम ते घेत नाहीत. ऑफिसच्या मॅडम वहिनीशी फोनवर बोलल्या. दोन स्क्रीन लावून ठेवा, सोमवारी व्हिडिओ कॉलवर दाखवा, लगेच चाचणीचं काम पाठवते.

त्या फोननंतर वहिनी अंगणात गेली आणि वाळत घातलेली मासळी काही कारण नसताना उलटून आली. आई म्हणाली, आत्ताच तर उलटली होती.

कॉम्प्युटर वहिनीच्या भावाने आणून दिला. पालघरमधलं कोणाचं तरी ऑफिस बंद झालं होतं, तिथला जुना डेस्कटॉप आणि दोन मॉनिटर. कॅबिनेट मूळचं पांढरं असावं, आता पिवळट. चालू व्हायला वेळ घ्यायचा पण व्हायचा. आईने त्याला हळदकुंकू लावलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं. बाबा म्हणाले, "नारळ पण फोडा. समुद्रात जाणार हाय ना तो." पण तेही खूश होते, मला कळत होतं.

समुद्राकाठच्या घरात खारी हवा लोखंड खाते. कडी, खिळा, सायकल, काही सुटत नाही. म्हणून वहिनी रोज सकाळी तो कॉम्प्युटर पुसायची. फडकं घट्ट पिळून वरून, बाजूंनी, मग कोरड्या फडक्याने पुन्हा. आई म्हणायची, "मनूची आंघोळ चुकेल, याची नाय चुकायची."

मॉनिटर जोडायचं काम अर्थातच माझं होतं. दुसऱ्या कोणाचं असणार? घरात कॉम्प्युटरचं शिकणारा मी होतो. मी लगेच हो म्हटलं. मागे बघितलं तर मॉनिटर लावायची एकच जागा, निळ्या रंगाची. एक जागा आणि दोन मॉनिटर — याचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं मी म्हटलं नाही.

बोईसरच्या दुकानातून एक केबल आणली — इकडे एक टोक, तिकडे दोन. लावली. दोन्ही मॉनिटर उजळले. सगळं घर गोळा झालं, मनूने टाळ्या वाजवल्या. मग वहिनीने माऊस हलवला आणि दोन्ही स्क्रीनवर एकच बाण एकदमच हलला. तिने इकडे फाइल उघडली, तिकडेही तीच उघडली. दोन्हीकडे सगळं सारखं.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे तर एका बाईपुढं दोन आरसे ठेवल्यासारखं झालं. मला दोन बाया पायजेत."

"एक हाय तीच पुरे," आई म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो. एक सेटिंग राहिलंय, असं काहीतरी म्हणालो. पण आतून मी पेटलो होतो. कशाने? तिने टोमणा मारला नव्हता. तिचं बरोबर होतं, एवढंच. तिला एका नजरेत कळलं होतं की या केबलने काम होणार नाही. मला मात्र ते मोबाइलवर शोधत बसल्यावर कळलं — दोन स्क्रीनवर वेगवेगळं दाखवायचं तर मशीनच्या आत वेगळं कार्ड बसवावं लागतं. मी पुन्हा बोईसरला गेलो आणि एक जुनं ग्राफिक्स कार्ड घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, काही अडलं तर फोन कर. मी म्हटलं, मी तेच शिकतोय. घरी येऊन हे फुशारकीने सांगितलंही.

तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी मॅडमचा कॉल.

कॅबिनेट उघडलं, कार्ड बसवलं. ते जागेवर बसलं आणि मला फार आनंद झाला, खरोखरचा. एक मॉनिटर कार्डाला लावला, तो चालू झाला. दुसरा मशीनच्या जुन्या निळ्या जागेत लावला. काळा. त्यावर नुसती 'नो सिग्नल' ही अक्षरं इकडून तिकडे फिरत होती. मी केबली बदलल्या. मॉनिटर बदलले. बंद केलं, चालू केलं. वहिनी मोबाइलचा उजेड धरून उभी होती. चहा करून आणला, तो निवला, पुन्हा गरम करून आणला.

"दुकानवाल्याला विचारूया का?" ती म्हणाली. "तो बोलला होता ना?"

मी म्हटलं, गरज नाही.

नंतर कळलं ते इथेच सांगून टाकतो. तसल्या जुन्या मशीनमध्ये कार्ड बसवलं की मशीन आपली स्वतःची जागा आपोआप बंद करतं. चालू होताना एक निळा पडदा उघडता येतो, त्यात एका ओळीवर 'चालू' करायचं, झालं. दुकानदाराने फोनवर सांगितलं असतं. वहिनीने ते वाचून केलंही असतं. तिला इंग्रजी येत होतं.

पण मी टेबलाच्या मागे, जमिनीवर बसून राहिलो. घामाने भिजलो होतो. आणि तिथे, जिथे विजेची जाड वायर मशीनमध्ये जाते त्या डब्याच्या शेजारी, मला एक छोटा लाल खटका दिसला. त्यावर 230 लिहिलं होतं. सरकवला तर 115 येणार, हेही दिसत होतं.

त्या वेळी मी काय विचार केला ते लिहिताना आजही हात थांबतो. 115 म्हणजे 230 च्या निम्मे. स्क्रीन दोन आहेत. म्हणजे सगळी वीज एकाच स्क्रीनला जातेय, आणि ती दोघींत वाटायची असेल तर हा खटका निम्म्यावर आणायचा. प्रत्येकीला निम्मी. मला ते इतकं बरोबर वाटलं. इतकं की मला हसू आलं — एवढंच राहिलं होतं की. अर्धवट शिकलेल्याला सुचावं असंच होतं ते. काहीच न शिकलेल्याने त्या खटक्याला हात लावला नसता, नीट शिकलेल्यानेही नाही.

मी वहिनीला भिंतीवरचं बटण बंद करायला सांगितलं. पेनच्या टोकाने खटका सरकवला. आणि टेबलाच्या मागूनच म्हटलं, "वहिनी, लाव आता."

तिने बटण दाबलं.

आवाज फार मोठा नव्हता. फटाक्याच्या माळेतला एखादा सुटा फुटावा तेवढा. डब्यातून धूर आला, जळक्या प्लास्टिकचा वास आला, घरातली वीज गेली आणि पंखा फिरत फिरत थांबला. मनू रडायला लागली. वहिनीचं बोट अजून बटणावरच होतं. ती त्या बोटाकडे बघत होती.

मला तेव्हा कळलं होतं का? हो. लगेच कळलं होतं. पेन माझ्याच हातात होतं. नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं की गोंधळात कळलं नसेल — पण मग मी पुढचं केलं ते का केलं? अंगणातून बाबा आणि दादा येईपर्यंत मी तो लाल खटका पुन्हा 230 वर सरकवून ठेवला. सकाळपासून प्रत्येक केबल लावताना मी चाचपडत होतो. तेव्हा चाचपडलो नाही.

मी टेबलामागून उठलो.

"काय झाला?" बाबांनी विचारलं.

आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. कारण सांगणारा मी होतो. मी वहिनीकडे वळलो. आणि विचारलं —

"वहिनी, सकाळी तू हे ओल्या फडक्याने पुसलं होतंस का?"

एवढंच. मी तिला 'तू जाळलंस' म्हटलं नाही. मी खोटं असं काही बोललोच नाही, बघा. मी एक प्रश्न विचारला. सर वर्गात विचारतात तशा आवाजात, उत्तर माहीत असताना. फडकं समोरच दोरीवर वाळत होतं.

"पुसला," ती म्हणाली. "पण पिळलेला होता, भाऊजी. मग कोरड्यानं पण पुसला."

मी फक्त मान हलवली. हळूच, हवं ते उत्तर मिळाल्यासारखी. ती मान हलवणं — माझं खोटं तेच. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं आहे.

"सांगत होते मी," आई म्हणाली, "रोज रोज नको धुऊ त्याला."

"यंत्राला कोण पाणी लावतं काय," बाबा म्हणाले आणि बाहेर गेले. ओरडले नाहीत. दादा म्हणाला, असू दे, झाला तो झाला. कोणी तिला रागावलं असतं तर मी बोललो असतो का? असं मला वाटायचं. आता वाटत नाही. रागावले असते तरी मी गप्पच राहिलो असतो.

संध्याकाळी तिने माझं ताट आणून दिलं. माशाचा मधला तुकडा मला वाढला होता. म्हणाली, "तुमचा रविवार फुकट घालवला मी. एवढी मेहनत केलीत, भाऊजी." मी तो तुकडा खाल्ला.

सोमवारी मॅडमचा फोन आला तेव्हा ती स्वतःच बोलली. "माझ्या हातून मशीन बिघडली," म्हणाली. फिरवून नाही, काही नाही, सरळ. मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, दुरुस्त झालं की कळवा, काम असतं.

म्हणजे सगळं संपलं नव्हतं. हे मला सांगायलाच हवं, कारण पहिली चूक भीतीने झाली असं म्हणता येईल, पण दुसरी मी पूर्ण शांतपणे केली. दादा म्हणाला, आपण हे बोईसरला नेऊन दाखवूया. मला वाटलं, तिथला माणूस डबा उघडेल आणि विचारेल, हा खटका कोणी हलवला? त्याला तसं कळलं असतं की नाही, मला माहीत नव्हतं. पण ती शंका मला पुरली. मी म्हटलं, आतलं सगळं जळलंय. मदरबोर्ड गेला. याचा पार्ट आता मिळत नाही.

जळल्यावर मी ते उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.

भंगारवाला आला तेव्हा वहिनीने केबली नीट गुंडाळून, रबर लावून त्याच्या हातात दिल्या. "मॉनिटर तरी ठेवूया का?" तिने एकदा विचारलं. दोन्ही मॉनिटर धडधाकट होते. मी म्हटलं, ठेवून काय करणार? ते घरात राहिले असते तर मला रोज दिसले असते. म्हणून.

पुढच्या वर्षी प्रॅक्टिकलला सरांनी एक जुनं कॅबिनेट उघडून टेबलावर ठेवलं आणि तोच लाल खटका पेनने दाखवला. म्हणाले, याला हात लावायचा नाही, 115 हे परदेशातल्या कमी दाबाच्या विजेसाठी असतं. आपल्याकडे हा 115 वर केलात तर हा डबा उडतो. पण घाबरू नका — बहुतेक वेळा डबाच जातो, बाकीचं शाबूत राहतं. डबा बदला, मशीन चालू. मागून एकाने विचारलं, "सर, असं येडं कोणी असतं का?" वर्ग हसला. मीही हसलो. माझं हसू सगळ्यांत शेवटी थांबलं, हे मला आठवतं.

त्या दिवशी घरी येताना ठरवलं होतं, आज सांगायचं. वाक्यही ठरवलं होतं. घरी आलो तर वहिनी नुकतीच कंपनीतून आली होती. तोपर्यंत ती पॅकिंगला लागली होती. ओट्यावर बसून कोमट पाण्यात पाय बुडवून बसली होती. मनू शेजारी शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि ती डोळे मिटून हं हं करत होती. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग आत गेलो. आता सांगून मशीन परत येणार आहे का, असं मी स्वतःला म्हटलं. बघा, सबब किती पटकन सापडते.

मला वाटायचं, तिचं काम गेलं, एवढं माझं पाप. ते एवढंच नव्हतं हे मला हळूहळू कळलं. तिने मोबाइलवर काही भरायचं सोडलं. आधी घरातलं सगळं लाइटबिल वगैरे तीच भरायची. आता दादाला सांगते, तुमी करा, माझ्याकडून काहीतरी उलटं होईल. पैसे काढायच्या मशीनसमोर ती बाजूला उभी राहते आणि आई — जिला अक्षर ओळखता येत नाही ती आई — बटणं दाबते. मनूच्या शाळेत पालकांना कॉम्प्युटरची खोली दाखवत होते, तर ही दाराशीच थांबली. मनूने घरी येऊन सांगितलं, मम्मी आत आलीच नाय. ती सांगत होती तेव्हाही मी समोरच होतो.

आणि मग मागच्या महिन्यातलं. ते सांगायचं म्हणूनच बहुधा हे सगळं लिहायला घेतलं.

आम्ही जेवायला बसलो होतो. वहिनी वाढता वाढता सहज सांगू लागली. कंपनीत मालाचं वजन करून लेबल काढायचा एक कॉम्प्युटर आहे. तिथे बसणारी मुलगी लग्न होऊन गेली. सुपरवायझर वहिनीकडे आला. त्याने तिचं काम बघितलं होतं, बारावी झाली आहे हेही त्याला कोणीतरी सांगितलं होतं. "दीदी, आप पढ़ी-लिखी हो," तो म्हणाला, "इधर कुर्सी पे बैठो. दो दिन में सीख जाओगी."

"मग?" दादाने विचारलं.

"मग काय. नाय बोलले." तिने आईच्या पानात भात घातला. "माझ्या हाताला मशीन लागत नाय. घरचा जाळला तो जाळला, कंपनीचा जाळून कुठं जाऊ?"

"बरा केला," आई म्हणाली. "नको ती जबाबदारी."

दादा म्हणाला, उभं राहून पाय सुजतात तुझे. ती म्हणाली, सगळ्यांचेच सुजतात.

मी तिच्या समोर बसलो होतो. हात लांब केला असता तर तिच्या हातातल्या भांड्याला लागला असता. तू नाही जाळलास, मी जाळला — किती शब्द होतात हे? सुपरवायझरने तिला उद्यापर्यंत विचार करायला सांगितलं होतं, हेही ती म्हणाली. म्हणजे अजून वेळ होता. मशीन परत येणार नव्हतं, पण ही खुर्ची तर रिकामी होती. या वेळी सबबही नव्हती — मी शोधली, सापडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, तिला वाटलं असावं की मी तरी म्हणेन, बसून बघ, मी शिकवतो. तेवढं जरी म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तेवढं म्हटलं की ती विचारणार, आणि मागचं जळलं ते? मग मला पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं, किंवा खरं.

"भाऊजी, आणखी भात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, थोडासा.

दुसऱ्या दिवशी तिने सुपरवायझरला नाही सांगितलं. त्या खुर्चीवर आता विरारहून येणारी एक मुलगी बसते. वहिनी म्हणते, चांगली पोर आहे, पटापट करते सगळं.

माझं हे शेवटचं वर्ष. लोक अजूनही फोन घेऊन येतात आणि मी ते उलटसुलट करून बघतो. आज पहाटे वहिनी कामाला निघाली तेव्हा मी जागा होतो, पण डोळे मिटून पडून राहिलो. तिने चप्पल हातात घेतली, बाहेर जाऊन पायात घातली, आणि आवाज होऊ नये म्हणून दार उचलून लावलं. मला परीक्षा आहे, माझी झोप मोडू नये म्हणून.